चौदा थरांखालचं घर

माया लोकांचं जग बघायला निघालेला माणूस सहसा एल साल्वादोरच्या वाटेला जात नाही. चिचेन इत्सा, तिकाल, पालेंके ही नावं त्याने ऐकलेली असतात आणि त्या सगळ्या ठिकाणी मान वर करून बघायचं असतं. उंच पायऱ्या, पायऱ्यांवर देऊळ, देवळाच्या माथ्यावर कोरीव राजा. होंडुरासमधल्या कोपानला आमचंही तेच झालं. तिथे दोन हजारांवर चित्राक्षरं कोरलेला एक अख्खा जिना आहे. सोळा राजे चारी बाजूंना ओळीने बसवलेली एक चौकोनी वेदी आहे, सोळाव्या राजाने, याश पासाहने, इ. स. ७७६ मध्ये घडवून घेतलेली. आमचा वाटाड्या एकेका राजाचं नाव भक्तिभावाने घेत होता. वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, आठव्या राजापर्यंत नेटाने ऐकलं. मग झाडाखाली बसून बुटांच्या नाड्या सैल करत मला म्हणाल्या, "अगं, ही सोळा माणसं जेवत कुणाच्या हातचं होती, ते कुठे लिहिलंय का विचार त्याला."

मी विचारलं. तो मोकळेपणाने हसला आणि आम्हाला लास सेपुल्तुरासला घेऊन गेला.

मुख्य चौकापासून तिथवर माया लोकांनीच बांधून काढलेली वाट होती. आता सगळी झाडी आहे, पण झाडीत घरांची जोती नीट दिसतात. मधे अंगण, अंगणाच्या तिन्ही-चारी बाजूंना घरं, एका घराण्यातली बिऱ्हाडं. घरात माणूस गेला की त्याला तिथेच, जमिनीखाली किंवा भिंतीलगत पुरायचे. या वस्तीला थडग्यांचं नाव पडलं ते त्यामुळेच. राजाच्या पदरी असलेल्या एका लेखनिकाचं घर इथे सापडलं. त्याच्या बसायच्या ओट्यावर कोरीव लेख आहे, इ. स. ७८१ चा, आणि त्यात त्याने बापाबरोबर आईचंही नाव घातलंय. वन्संना हे आवडलं. पण ओट्याची लांबीरुंदी आणि दर्शनी भिंतीवरचं नक्षीकाम बघून त्या म्हणाल्या, "हेही बडंच घर." खरंच होतं ते. चुलीपाशी बसणाऱ्यांपर्यंत पोचायचं तर अजून खाली उतरायला हवं होतं. तेव्हा आम्ही ग्वातेमालाच्या हद्दीतून एल साल्वादोरमध्ये उतरलो.

सान साल्वादोरहून सान हुआन ओपिकोकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलं की होया दे सेरेन या गाडल्या गेलेल्या गावापर्यंत साधारण ३६ किलोमीटर पडतात. बस म्हणजे अमेरिकेतली निवृत्त शाळेची गाडी, वर भडक रंग, आत कानठळ्या बसवणारं संगीत, आणि लहान मुलांच्या मापाच्या सीटा. एका बाजूला सान साल्वादोरचा ज्वालामुखी सोबत करत असतो. १९१७ साली तो असा तापला की त्याच्या मुखातलं तळं उकळून आटून गेलं. या देशात डोंगरांकडे पाठ करून बसता येत नाही.

सेरेनला ज्याने गाडलं तो मात्र हा मोठा डोंगर नव्हे. गावापासून किलोमीटरही नसेल एवढ्या अंतरावर, सातव्या शतकात केव्हातरी, जमिनीतून वर येणाऱ्या लाव्ह्याची नदीच्या पाण्याशी गाठ पडली आणि स्फोटांमागून स्फोट झाले. कधी ओली, गरम, चिकट राख तर कधी तापलेले दगडगोटे असे एकावर एक चौदा थर बसले. घरं पाच-सहा मीटर खाली गेली. एवढंच झालं असतं तर आज बघायला काय उरलं असतं? पण ती बारीक ओली राख वस्तूंच्या अंगाला अशी चिकटली की मक्याची ताटं कुजून गेल्यावरही त्यांच्या आकाराची पोकळी राखेत तशीच राहिली. उत्खनन करणाऱ्यांनी त्या पोकळ्यांत दंतवैद्यांकडचं प्लास्टर ओतलं आणि मक्याची कणसं, घायपाताची पानं, मिरचीची झुडपं पुन्हा उभी केली.

१९७६ साली इथे धान्याची कोठारं बांधायची म्हणून बुलडोझर फिरत होता. त्याच्या पात्याला एका घराची जमीन लागली. बघायला आलेल्या जाणकाराला सगळं इतकं ताजं वाटलं की हे अलीकडचंच असणार असं ठरलं आणि बुलडोझर पुढे चालू राहिला. किती घरं त्यात गेली याचा हिशेब कोण देणार? १९७८ मध्ये पेसन शीट्स हे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ आले, त्यांनी छपराच्या गवताची तपासणी करवली आणि घर चौदाशे वर्षांपूर्वीचं निघालं. पुढे देशात यादवी पेटली, काम थांबलं, एकोणनव्वदच्या सुमारास पुन्हा सुरू झालं. १९९३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत गावाचं नाव घातलं.

पर्यटकांच्या माहितीत या जागेला हटकून 'अमेरिकेचं पॉम्पेई' म्हणतात. मला हे बिरुद पटत नाही. पॉम्पेई शहर होतं, तिथे हवेल्या होत्या, आणि तिथे माणसं मेलेली सापडली. सेरेनमध्ये आजवर एकाही माणसाचा सांगाडा मिळालेला नाही. जमीन हादरली असेल, वाफेचा फूत्कार ऐकू आला असेल, आणि माणसं हातातलं टाकून पळाली. म्हणजे इथे जे बघायचं ते हातातलं टाकलेलंच.

खोदलेल्या जागांवर मोठी पत्र्याची छपरं घातली आहेत. आपण कठड्याशी उभं राहून खाली बघायचं. समोर राखेच्या भिंतीचे करडे, तपकिरी, पिवळट पट्टे आणि त्यांच्या तळाशी एक अगदी मध्यम आकाराचं घर. आमची वाटाडी पन्नाशीची, गावातलीच बाई होती. ती मला 'सेन्योरा' म्हणे आणि वन्संना 'दोन्या', म्हणजे वयाचा मान तिनेही बरोबर ओळखला होता.

घराच्या भिंती कुडाच्या. आत बारीक काठ्यांची चौकट, वर माती. या मुलखात भूकंप नेहमीचेच, आणि कूड हलतो पण कोसळत नाही. छप्पर भिंतींच्या बरंच पुढे आलेलं, त्यामुळे आतल्या खोलीपेक्षा बाहेरची सावलीच जास्त. दिवसाचं बरंचसं काम या सावलीत चाले. एका कुटुंबाला एक घर असा हिशेबच नव्हता. झोपायची खोली निराळी, कोठीघर निराळं, स्वयंपाकघर निराळं. झोपायच्या खोलीत मातीचा ओटा, त्यावर चटई, सकाळी ती गुंडाळून वर ठेवायची. स्वयंपाकघर गोल, गवताने शाकारलेलं, धूर बाहेर जाईल असं. कोठीघरात मका, घेवडा, मिरच्या.

आणि भांडी! एकेका कुटुंबाकडे सत्तरच्या आसपास मातीची भांडी. वन्संनी आकडा दोनदा विचारून घेतला. त्यातली बरीच साधी, घरगुती वापराची, पण काही रंगीत, चित्रं काढलेली, कोपानच्या बाजूने आलेल्या धाटणीची. म्हणजे शेतकऱ्याच्या घरीसुद्धा पाहुण्यांसाठी वेगळी भांडी होतीच.

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते छपराने. ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या, पात्यांना इतकी धार असते की बोट नुसतं लागलं तरी कापतं. या घरांत अशी पाती छपराच्या गवतात, उंचावर खोचून ठेवलेली सापडली. पोरांचा हात पोचू नये म्हणून, असं अभ्यासक म्हणतात, आणि दुसरं कारण सुचतही नाही. कुठल्याही शिलालेखावर हे कुणी कोरलं नसतं. पण पोरं रांगती होती, उचापती होती, घरातल्या कुणाचं तरी त्यांच्याकडे लक्ष होतं, हे त्या गवतात खोचलेल्या पात्यावरून कळतं. त्याच गवतात उंदरांचे सांगाडेही सापडले. कोठीघरात एक बदक खांबाला पायाने बांधलेलं होतं. ते पळू शकलं नाही.

उद्रेकाची वेळ कुठली होती, तेही भांड्यांनीच सांगितलं. शेताची अवजारं घरात आणून ठेवलेली, म्हणजे माणसं परतली होती. झोपायच्या चटया अजून गुंडाळलेल्या, म्हणजे रात्र व्हायची होती. आणि काही वाडग्यांत खाऊन झालेलं, बोटांनी निपटून घेतल्याचे ओरखडे तसेच वाळलेले. भांडी घासायची राहिली होती. शेतात मक्याची ताटं कणसं वाळावीत म्हणून मधोमध वाकवून ठेवली होती, त्यावरून महिना ऑगस्टचा असावा असा अंदाज आहे.

"म्हणजे दिवेलागणीला," वन्सं म्हणाल्या.

आता या घरात कोण काय करत होतं? माया कुटुंबाबद्दलच्या कुठल्याही पुस्तकात एक ठरलेली यादी मिळते: पुरुष शेती आणि शिकार करी, बाई दळणकांडण, स्वयंपाक, विणकाम करी, मुलगे बापाकडून शिकत आणि मुली आईकडून. यादी खोटी नाही. पण ती मुख्यतः आली आहे दिएगो दे लांदा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याच्या लेखणीतून. १५६६ च्या सुमारास त्याने युकातानमधल्या चालीरीती लिहून काढल्या, आणि याच माणसाने १५६२ मध्ये मानी गावात माया पोथ्यांची होळी केली होती. जाळणाऱ्यानेच मग टिपून ठेवलं, ही इतिहासाची जुनी खोड. त्याने जे पाहिलं ते बारकाईने पाहिलं, हे मान्य करावंच लागतं. तान्ह्या मुलाचं डोकं फळ्यांमध्ये बांधून चपटं करत, ते सौंदर्याचं लक्षण. लहान मुलाच्या डोक्यावरच्या केसांत पांढरा मणी अडकवत, मुलीच्या कमरेला शिंपला बांधत, आणि वयात आल्यावर विधी करून ते काढत. लग्नाआधीचे तरुण गावातल्या एका मोठ्या घरात एकत्र झोपत. लग्न झाल्यावर जावई पाच-सहा वर्षं सासऱ्याच्या घरी राबे. पुरुष आधी जेवत, बाया मागाहून. लांदाच्या नोंदींतल्या बाया कष्टाळू, देवभोळ्या आणि नवऱ्याला खडसवायला न घाबरणाऱ्या आहेत.

पण हे सगळं सोळाव्या शतकातलं, युकातानचं. सेरेन त्याच्या नऊशे वर्षं आधीचं, माया जगाच्या पार आग्नेय कडेवरचं, आणि इथे एकही लेख नाही. लांदाची यादी उचलून या घरावर चिकटवायची म्हणजे पेशव्यांच्या बखरीतून सातवाहनांचं घर सजवण्यासारखं. त्यापेक्षा वस्तू जिथे ठेवल्या तिथेच बघाव्यात.

पाटे बघा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग पाट्यावर वाटायचा, ही मध्य अमेरिकेतली फार जुनी रीत. चुन्याने साल सुटते आणि मका अंगी लागतो. ते वाटण मग पानांत गुंडाळून वाफवायचं, म्हणजे तामाले, किंवा पाण्यात कालवून पेज करायची. माया चित्रांत दिसतात ते बहुतेक तामालेच, पोळी क्वचित. कालाकमुल या माया शहरातल्या एका भिंतीवर २००४ मध्ये सापडलेल्या चित्रांत तर राजा नाहीच. मोठ्या हंड्यातली पेज वाढणारी माणसं आहेत, मीठवाले आहेत, तामालेवाले आहेत, आणि कोण काय विकतंय ते बाजूला लिहिलेलं आहे. घरातल्या सगळ्या तोंडांसाठी रोज तासन्‌तास वाटण करावं लागे. ते बहुतेक गुडघ्यावर बसूनच. सेरेनमध्ये मात्र एक पाटा दुबेळक्यांच्या खुंट्या रोवून त्यांच्यावर उंच बसवलेला सापडला. कुणाच्या तरी पाठीने, कुणाच्या तरी गुडघ्यांनी तक्रार केली आणि घरातल्या कुणीतरी काठ्या शोधून आणल्या. माझ्या लेखी कोपानच्या जिन्याएवढंच हे मोलाचं.

एका घराकडे तर गरजेपेक्षा जास्त पाटे होते. शेजारीच गावजेवणाच्या सणाची वास्तू होती, तिथे हरणाच्या कवटीचा शिरपेच, रंगवलेला, मिळाला. तेव्हा या घरातल्या बायकांकडे सणाच्या वाटणाची जबाबदारी असावी. दुसऱ्या घरी मोरोच्या झाडाची टणक फळं पोखरून त्यांचे वाडगे रंगवत. तिसऱ्या घराच्या परसात घायपात लावलेला, वाख काढून दोर वळण्यासाठी, शिवाय काकाओ आणि मिरची. प्रत्येक घर आपल्या गरजेपेक्षा थोडं जास्त काहीतरी करत होतं आणि ते देऊन शेजाऱ्याकडचं घेत होतं. ऑब्सिडियन ग्वातेमालातल्या इश्तेपेकेहून येई. यात पुरुष किती, बायका किती, पोरं किती, हे वस्तू सांगत नाहीत. पण वाडगा रंगवायला दिवसभराची शेतीची ताकद लागत नाही. ते काम बसल्या बसल्या, म्हातारीने, पोरीने, पाय मोडलेल्या माणसाने केलं तरी चालतं. घर चालतं ते अशा कामांवर, आणि यादीत ती कधीच येत नाहीत.

शीट्स यांच्या मते या गावावर कुणा सरदाराची घट्ट पकड दिसत नाही. गावात एक मोठं सभाघर होतं, आत रुंद बाकं, तंटे तिथे मिटवत असावेत. याहून वेगळी एक लहानशी इमारत होती. तिच्या भिंती पांढऱ्या, त्यावर लाल रंग, खिडकी जाळीची. आत जाताना वाट वळणावळणाची. आत सापडलं काय, तर घेवड्याच्या बियांचा एक पुंजका आणि काही खनिज स्फटिक, म्हणजे कौल लावायची सामग्री, आणि लोकांनी मोबदला म्हणून ठेवलेल्या वस्तू. त्यात चाती होती, पाटा होता, बाईची मूर्ती होती. वस्तू बायकांच्या, तेव्हा कौल लावणारीही बाईच असावी, असं शीट्स म्हणतात. मी कठड्यावरून बराच वेळ त्या जाळीकडे बघत होते. घरचं बदक, आजारी पोर, उशिरा आलेला पाऊस, न परतलेला नवरा. काय काय विचारलं असेल त्या जाळीतून, आणि मोबदल्याला घरातली चाती काढून दिली असेल. राजाच्या भविष्याची दगडात नोंद होते. या बाईकडचं भविष्य बिया मोजून निघत होतं.

सेरेनमधली सगळ्यात देखणी वास्तू म्हणजे तेमास्काल, घामाचं स्नानघर. मूळ घुमटाला हात लावता येत नाही, पण जवळ हुबेहूब प्रतिकृती बांधली आहे, तिच्या आत जाता येतं. दार इतकं बुटकं की रांगतच शिरावं लागतं. आत मध्यभागी आगटी, भोवती मातीची बैठक, दहा-बारा माणसं दाटीने मावतील. तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडायचं आणि वाफेत बसायचं. वन्सं गुडघ्यांचा विचार न करता आत गेल्या. आम्ही दोघी अंधारात बसलो असताना वाटाडी बाहेरून सांगत होती की ग्वातेमालाच्या डोंगरी गावांत सुईणी आजही बाळंतिणीला अशा घामघरात नेतात, अंग शेकतात, पोट चोळतात. पालेंकेच्या देवळांचे गाभारे हीसुद्धा घामघरंच मानली जात, कारण देव तिथे जन्मले, हे मी तिला सांगितलं. शेजारून वन्संचा आवाज आला, "आमच्याकडे बाजेखाली शेगडी ठेवायचे. सासूबाईंनी मला चाळीस दिवस भाजून काढलं होतं." मी भाषांतर केलं. वाटाडी इतकी हसली की बाहेर उभ्या शाळेच्या पोरांनी वाकून आत बघितलं.

परतताना तिने आणखी एक रीत सांगितली, तीही युकातानची. मूल पहिल्यांदा कडेवर घ्यायचा विधी. मुलीचा तिसऱ्या महिन्यात, कारण चुलीचे दगड तीन. मुलाचा चौथ्या महिन्यात, कारण शेताला कोपरे चार. मामा-मावशीसारखं कुणीतरी मूल कडेवर घेऊन टेबलाभोवती फेऱ्या घालतं आणि त्याच्या हाती वस्तू देतं. पूर्वी मुलाला शेताची अवजारं, मुलीला सुईदोरा. आता दोघांनाही वही-पेन्सिल.

फाटकाबाहेर रस्त्याकडेला टपऱ्या आहेत. जाड भाकरीसारख्या पुपुसा थापणाऱ्या बायकांच्या हातांचा चटचट आवाज दुरून येतो. भूक लागली होती, पण वन्संना संकष्टी होती, आणि परदेशात उपास मोडतो हे त्यांना मंजूर नाही. मी टपरीवालीला विचारलं, मका नको, तांदूळ नको, डाळ नको, मांस तर नकोच, काय देतेस? तिने क्षणभर विचार करून युका पुढे केला. उकडून तळलेला, पांढराशुभ्र. वरचं डुकराचं मांस आणि कोबीची कोशिंबीर वगळायला सांगितलं, ते तिला फार दुःखदायक वाटलेलं दिसलं.

युका म्हणजे कसावा, ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो. माया लोक खरोखर कसावा पिकवत होते की नाही यावर अभ्यासकांचा वाद फार दिवस चालला होता, कारण हा कंद कुजला की खूण ठेवत नाही. २००७ मध्ये याच गावाच्या दक्षिणेला राखेखाली कसाव्याचं शेत सापडलं, वाफे, सरी-वरंबे सगळ्यांसकट. कंद काढून झाले होते आणि पुढच्या पिकासाठी खोडाचे तुकडे पुन्हा मातीत लावलेले होते, उद्रेकाच्या अगदी थोडं आधी. वन्संना मी हे सांगत असताना त्यांनी पहिला तुकडा तोंडात टाकला होता.

"बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणा, राजगिरा, आणि आता हेही," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "सगळं इकडूनच आलं की. मग आपले पूर्वज उपासाला खात काय होते?"

"वरई असेल, वन्सं."

"असेल." त्यांनी दुसरा तुकडा उचलला, थोडं मीठ भुरभुरलं. "चांगलं लागतंय. दाण्याचा कूट मिळेल का, विचार तिला."

तो मात्र तिच्याकडे नव्हता.